म्हसोबाच्या हद्दीबाहेर उभी केलेली सायकल

योगिनी ही माझी सख्खी धाकटी बहीण. एका मायच्या पोटची आन् एकाच वाडग्यात मेंढरांबरोबर वाढलेली. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हंजे पुढं तिचं कौतिक ऐकून कुणी विचारायला नको, की हा सांगणारा तिचा कोण लागतो. मी तिचा मोठा भाऊ भिकन. पण गोष्ट तिची हाय, माझी नाय. म्हणून इथून पुढं मी मला बी भिकनच म्हणीन, गाव म्हणतं तसं.

गंगापूरच्या अलीकडं, सडकेच्या खालच्या अंगाला धनगरांची घरं हायत. तिथं बन्सीचं घर कोणतं म्हणून विचारा, शाळेतलं पोरगं बी बोट दाखवील. बन्सी म्हंजे आमचा बाप. त्याची मेंढरं ज्याच्या रानात बसली त्याची कपाशी पुढच्या साली कमरेला लागायची, असं शेतकरी सवता म्हणायचे, आम्ही नाय. आन् बाजारात बन्सीनं उपरण्याखाली हात देऊन सौदा ठरवला, की समोरचा कागद मागत नव्हता. हात दिला म्हंजे दिला. मेंढरू रातीतून मेलं तरी ते बन्सीचं मेलं, घेणाऱ्याचं नाय. अशा घरातली ही पोरगी.

घरात माय वच्छलाबाई, आन् थोरला भिकन. भिकन नववी शिकला, वाळूजला कंपनीत लागला, आन् आज मशीनवर हाय. हेल्पर म्हणून लागला होता, ते आता कुणाच्या ध्यानात बी नाय. बजाजनगरला खोली हाय, बायको करुणा हाय, सगळं बराबर हाय. फक्त भिकन शहराला गेल्यावर मेंढरांमागं चालायला बन्सी आन् योगिनी उरले. मग बन्सीचा गुडघा सुजला. दवाखाना झाला, लेप झाले, गुडघा काय हलेना. तवापासून एकटी योगिनी. सकाळी कॉलेज, दुपारी कळप. सकाळच्या वख्ताला माय वाडग्यात पाला टाकायची, दुपारी योगिनी आली की मेंढरं तिला बघून सवताच उठायची. सगळ्यांच्या पुढं चांदी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ती म्हातारी मेंढी जिकडं जाईल तिकडं बाकीची जायची, आन् चांदी जायची योगिनीमागं.

सायकलीचं असं झालं. शहरातल्या एका सायकल क्लबातले बुद्धभूषण सर कॉलेजात एक खेळ दाखवायला आले होते. खेळ सोपा हाय सांगायला. हातात नकाशा देतात. नकाशावर गोल काढलेले असतात, आन् त्या गोलाच्या जागी रानात कुठं झाडाला, कुठं दगडाजवळ नारंगी-पांढरा झेंडा लावलेला असतो. सगळे झेंडे नंबरानं शोधायचे, जो लवकर येईल तो जिंकला. हेच डोंगरात, जंगलात, सायकलीवरून. नकाशा हँडलवर बसवलेला, मनगटाला एक चिप बांधलेली. झेंड्याजवळच्या डबीला चिप लावली की टूं करून वाजतं, मग पुढं सुटायचं. त्या दिवशी योगिनी कॉलेजच्या मागचे सगळे झेंडे शोधून परत आली, तेव्हा बाकीच्या पोरी पयल्या झेंड्याजवळ फोटू काढत होत्या. सरांनी विचारलं, कुठं शिकलीस. ती म्हणाली, शिकले नाय, मेंढरं शोधते.

मग सायकल आली. जाड टायरची, गेरवाली, भिकननं घेतली. किती पडले ते विचारू नका, मी सांगणार नाय. आख्ख्या तालुक्यात तसली सायकल दुसऱ्या कुण्या मेंढकाच्या पोरीकडं असली तर मला दाखवा. दोन वरसं ती चालवू लागली. बांधावरून, नदीच्या कडेनं, सुट्टीत सरांबरोबर डोंगरात. कधी तिसरी आली, कधी चौथी, एकदा दुसरी. शहरातली सायली नावाची एक पोरगी कायम पयली यायची. तिला हरवणं अवघड होतं, हे भिकन बी मान्य करतो, आन् भिकन सहसा मान्य करत नाय.

औंदा भादव्यात मोठी स्पर्धा होती. एकवीसच्या आतल्या पोरींच्या गटात पयल्या दोघी महाराष्ट्राच्या संघात जाणार. संघ म्हंजे पुण्याला कित्येक महिने राहून सराव, आन् मग देशाच्या स्पर्धेला. योगिनीचं त्या गटातलं हे शेवटचं साल.

बन्सीनं तिला ओट्यावर बोलावलं. भिकन सुट्टीवर आला होता, त्याच्यासमोरच झालं. बन्सी म्हणला, "नंबर आला तर तू जा, बाई. मी आडवा येणार नाय. पण मग मेंढरं ठिवत नाय. तुझ्या मायच्यानं नाय होत आन् माझ्यानं नाय होत. व्यापारी दोनदा येऊन गेला. नंबर नाय आला, तर मग मेंढरं हायत आन् तू हायस."

योगिनी म्हणाली, "बरं."

एवढंच. रडली नाय, भांडली नाय. भिकनला वाटलं, पोरगी समजदार हाय. पण मायनं एक गोष्ट पाह्यली आन् नंतर सांगितली. त्या दिवसापासून योगिनीनं मेंढरांना नावानं हाक मारणं बंद केलं. पयले प्रत्येकीला नाव होतं. आता नुसतं हुर्र म्हणायची, नायतर काठीनं वळवायची. चांदीला बी. चांदी थांबून मागं बघायची, हाक का आली नाय म्हणून, आन् योगिनी दुसरीकडं बघायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती बजाजनगरला भिकनकडं मुक्कामाला आली. करुणानं तिला ज्वारीची भाकर आन् पिठलं वाढलं, आन् विचारलं की पोटात गोळा येतो का असल्या वख्ताला. योगिनी म्हणाली, यायचा पयले. करुणा म्हणाली, मग आता. ती म्हणाली, आता कायच येत नाय, वैनी.

सकाळी भिकननं तिला क्लबाच्या टेम्पोत बसवलं आन् सवता मोटरसायकलवर मागून गेला. दौलताबादच्या पलीकडं, खुलताबादच्या डोंगराच्या अंगाला जंगल हाय. सागाची, पळसाची, धावड्याची झाडं, मधी घाणेरीची जाळी. आठवडाभर पाऊस लागलेला. जंगलातल्या वाटा म्हंजे नुसती राड. खालच्या बाजूला काळी चिकट माती आन् वर तांबडी. लोकं गाड्यांतून उतरत होती आन् चप्पल चिखलात सोडून पाय वर काढत होती. सगळ्यांच्या सायकली चकचकीत. योगिनीची बी चकचकीत होती, भिकननं रातीच पुसली होती.

सुटायच्या आधी बुद्धभूषण सरांनी सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले. नकाशा सुटल्यावर मिळंल. झेंडे नंबरानंच. कुणी पडलं तर थांबून मदत करायची. आन् सायकल सोडायची नाय. चालवा, ढकला, खांद्यावर घ्या, पण सायकल सोडून एक पाऊल टाकायचं नाय, सोडली की बाद. योगिनीनं हे प्रत्येक स्पर्धेला ऐकलेलं. तिनं मान हलवली. भिकन कडेला उभा राहून शेजारच्या माणसाला सांगत होता, ती काळ्या टोपीवाली आपली बहीण हाय म्हणून. त्या माणसानं विचारलं, तिची तयारी कशी हाय. भिकन म्हणला, "तयारी काय, ती जन्मली तीच रानात."

सगळ्या पोरींना एकदमच सोडलं. नकाशा हातात आला, योगिनीनं तो हँडलवर बसवला आन् गेली.

आता जंगलातलं जे सांगतो ते तिनं सांगितलेलं हाय, आन् ती सांगते ते खरंच असतं.

ती म्हणते, सायकल चालत होती, आन् ती वर बसली होती. एवढंच. नकाशावरची वाट आन् खालची वाट जुळत होती. पयला झेंडा नाल्याच्या वळणावर, दुसरा खडकाच्या मागं. टूं वाजलं की पुढं. एरवी असं वाजलं की ती सवताशीच हसायची. या वेळी नुसतं वाजलं. तिसऱ्याकडं जाताना उतार होता आन् मधी चिखलाचं डबकं, त्यात पुढचं चाक रुतलं आन् ती हँडलवरून पुढं जाऊन पडली. कोपर सोललं. उठून बसली तेव्हा रक्त दिसलं, पण दुखल्यासारखं काय वाटेना. कुण्या दुसरीचं कोपर बघावं तसं तिनं ते बघितलं, चिखलाचा हात त्यावर फिरवला आन् सायकल उचलली.

काळी माती लई बेकार. टायर आन् फ्रेमच्या मधी बसते, मग चाक फिरतच नाय. बाकीच्या पोरी काडी शोधायला थांबायच्या. योगिनीच्या खिशात घरची लोखंडी पट्टी होती, मेंढरांच्या खुरातली घाण काढायची. खसाखसा माती काढायची आन् पुढं. चौथ्या झेंड्याला तिनं एकीला मागं टाकलं, पाचव्याला दुसरीला. त्या दुसरीनं ओरडून विचारलं, पुढं किती गेल्या. योगिनी म्हणाली, एकच. सायली. तिच्या टायरांची नक्षी चिखलात ताजी दिसत होती.

म्हंजे ती दुसरी होती. तिला ते कळत होतं. ती म्हणते, मला कळलं की मी दुसरी हाय आन् त्याच वख्ताला व्यापाऱ्याची पिकअप दिसली. जंगलात नाय, डोळ्यापुढं. पण तिनं पाय हलवायचं थांबवलं नाय. हळू बी केलं नाय. जिंकावं असं वाटत नव्हतं, हरावं असं बी वाटत नव्हतं. पाय आपले फिरत होते.

सहावा झेंडा वरच्या अंगाला, तांबड्या मातीत. नकाशावर एकटं झाड दाखवलेलं. ती घाणेरीतून सायकल ढकलत वर निघाली तर समोर हिवराचं झाड, आन् झाडाच्या फांदीला नारंगी-पांढरा झेंडा लटकलेला. झाडाच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड. भवती धोंड्यांचं कडं. पुढं दोन लिंबं ठेवलेली, एक फुटकं नारळ. म्हसोबा.

आता जे आमच्यातलं नाय त्याला हे सांगावं लागंल. म्हसोबाच्या कड्याला हद्द म्हणतात. हद्दीत पायताण नाय आन् हद्दीत चाक नाय. आमचा आजा बैलगाडी लांब सोडून पायी जायचा. बन्सी मोटरसायकलवर मागं बसला असला तरी भिकनच्या पाठीवर थाप मारून गाडी लांब थांबवतो. पोरगं पयल्यांदा चालू लागलं की त्याला हे शिकवायचं, बोलायच्या बी आधी. हे डोक्यात नसतं. हे हातापायात असतं.

योगिनीनं हद्दीबाहेर ब्रेक लावला. सायकल घाणेरीच्या झुडपाला टेकवली. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, चिखलानं गाठी घट्ट झालेल्या, त्या सोडायलाच वेळ लागला. बूट जोडीनं नीट ठेवले. मोजे काढून बुटात घातले. अनवाणी आत गेली, दगडाला हात लावून कपाळाला लावला, वर हात करून मनगट डबीला लावलं. टूं. मागं सरकत बाहेर आली, मोजे, बूट, नाड्या, सायकल.

या सगळ्यात तिच्या मनात काय होतं, असं भिकननं लई वेळा विचारलं. काय नव्हतं, असं ती म्हणते. देवाला काय मागितलं बी नाय. आन् सरांचा नियम आठवला नाय का. ती म्हणते, आठवायला मी तिथं असायला पायजे होते ना, दादा.

मागची पोरगी वर येईस्तोवर योगिनी सायकलीवर बसून सातव्याकडं लागली होती. कुणी पाह्यलं नाय. झाडानं आन् म्हसोबानं पाह्यलं असंल तेवढंच.

सायली पयली आली. मग बराच वेळ कुणी येईना. भिकन रस्सीला धरून उभा, मान लांब करून. आन् मग वळणावर ती काळी टोपी. डोक्यापासून टायरापर्यंत एकच रंग, नुसता चिखल, मधी दोन डोळे. ती दुसरी आली. भिकन किती मोठ्यानं ओरडला ते तिथल्या लोकांना विचारा. छाती भरून येणं म्हंजे काय ते त्याला त्या दिवशी कळलं. ती सायकलीवरून उतरली आन् हँडलला टेकून उभी राहिली. भिकननं पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, पाणी हाय का.

भिकन पळत टेकाडावर गेला, तिथं फोनला रेंज यायची. घरी लावला. बन्सीनं उचलला. भिकन म्हणला, "आबा, दुसरी आली आपली योगी. महाराष्ट्रात गेली." बन्सी म्हणला, बरं झालं. मग म्हणला, ठेव, माणूस बसलाय. आन् ठेवला.

टेकाडावरून भिकन खाली आला तर योगिनी मेजाजवळ उभी होती. तिथं चिप वाचायचं यंत्र होतं, कुणाला कोणत्या झेंड्याला किती वेळ लागला ते त्यात दिसतं. बुद्धभूषण सर खुर्चीवर बसून बघत होते. लई खूश होते. तिला ते पयल्या दिवसापासून शिकवत होते. तिसरी आलेल्या पोरीचा बाप बाजूलाच लेकीच्या सायकलीला पाणी मारत होता.

सर म्हणले, "योगिनी, सगळीकडं सायलीच्या बरोबरीनं आलीस. सहाव्यालाच एवढा वेळ कुठं गेला गं? पडलीस का?"

"नाय सर."

"मग वाट चुकली?"

"नाय. तिथं म्हसोबा हाय."

सर हसले. "हाय ना. झेंडा मीच लावला. नवस बोलत बसलीस की काय?"

"नाय. बूट काढले. सायकल हद्दीबाहेर टेकवली आन् गेले."

तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की विहिरीवर गेले आन् पाणी घेऊन आले. सरांचं हसू तसंच राहिलं, आन् मग हळूहळू गेलं. पाण्याचा आवाज थांबला. त्या पोरीचा बाप पाइप हातात धरून उभा राहिला.

सर म्हणले, "म्हंजे एका हातानं धरली होती सायकल. असंच ना?"

"नाय सर. हद्दीत चाक नेत नाय आम्ही. बाहेर होती."

"नीट आठव. हँडलला हात असंल तुझा."

भिकन सरांच्या मागून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. तिनं भिकनकडं पाह्यलं. दिसला की नाय दिसला, कुणास ठाऊक.

"आठवतंय सर," ती म्हणाली. "झुडपाला टेकवली होती."

आन् तेव्हा तिच्या ध्यानात आलं. भिकननं तिच्या तोंडाकडं बघितलं, तिथं काय बी हललं नाय. फक्त तिनं मनगटाची चिप सोडली आन् मेजावर ठेवली, अल्लाद, एखादी वस्तू ज्याची त्याला द्यावी तशी.

मग भिकन बोलला, आन् भिकन बोलायला लागला की थांबत नाय. देवाच्या जागी झेंडा लावायला कुणी सांगितलं होतं, असं त्यानं विचारलं. आमच्या घरात चार पिढ्यांत कुणी म्हसोबापुढं चाक नेलं नाय, आन् तुमच्या डबीसाठी नेणार नाय, असं बी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. झेंडा तिथं लावायला नको होता, माझ्या ध्यानात आलं नाय, हे त्यांनी चार लोकांपुढं कबूल केलं. पण नियम त्यांच्या हातातला नव्हता. त्या पोरीचा बाप बारीक आवाजात म्हणला, नियम सगळ्यांना एकच असतो भाऊ. भिकन त्याच्याकडं वळला होता, तेवढ्यात योगिनी म्हणाली, "दादा, चल. सायकल टेम्पोत घालायची हाय."

मी आजबी सांगतो, त्या जंगलात त्या दिवशी दुसरी माझीच बहीण आली. यंत्रात काय बी लिहिलेलं असो.

टेम्पोनं क्रांती चौकात सोडलं. इतवारची गर्दी, गाड्यांचे हॉर्न, आन् मधी ही चिखलाची पोरगी चिखलाची सायकल धरून. लोक वळून बघत होते. एकानं विचारलं, बेटा, नाली में गिरी क्या. ती म्हणाली, हां चाचा. भिकननं मोटरसायकल ओळखीच्या टपरीवर लावली आन् तिच्याबरोबर गंगापूरच्या जीपमधी बसला. सायकल टपावर बांधली. घरी फोन लावून सांगावं की नाय, असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण असली गोष्ट तोंडासमोर सांगायची असते, फोनवर नाय. वाटेत योगिनी खिडकीला डोकं लावून बसली होती. झोपली नव्हती. उसाचे फड मागं जात होते, तिकडं डोळे होते.

घरी पोचले तर दिवस बुडायला आलेला. दारात माय ताट घेऊन उभी. कुंकू, दिवा, साखर. शेजारणी जमलेल्या. भिकन तोंड उघडणार तेवढ्यात मायनं योगिनीला उंबऱ्यासमोर उभं केलं आन् ओवाळायला सुरुवात केली. योगिनी उभी राहिली. मायनं चिखलावरच कुंकू लावलं, साखर तोंडात घातली. योगिनीनं साखर गिळली, मायच्या पायाला हात लावला, शेजारणींच्या बी लावला. दिवा विझू दिला नाय. सगळं झाल्यावर म्हणाली, "माय, नंबर गेला. मला बाद केलं."

शेजारणी एकेक करून गेल्या. भिकननं ओट्यावर बसून बन्सीला सगळं सांगितलं, म्हसोबाचं, बुटांचं, सरांचं. बन्सीनं सगळं ऐकून घेतलं. सांगून झाल्यावर त्यानं योगिनीला विचारलं, "हद्दीबाहेर ठिवली होतीस ना सायकल?"

"व्हय आबा."

"बराबर केलं," बन्सी म्हणला. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली बघत म्हणला, "बाई, मी व्यापाऱ्याला हात दिला. फोन आला तवा माणूस इथंच बसला होता."

भिकन म्हणला, मग आता नाय म्हणून सांगू. मी जातो गंगापूरला, सांगतो, नंबरच रद्द झाला म्हणून. अजून माल त्याच्या दारात गेला नाय, त्यानं काय बिघडतं. बन्सीनं त्याच्याकडं असं बघितलं, की भिकनची नववी आन् मशीन आन् सगळंच त्या बघण्यात खाली बसलं.

"उपरण्याखाली दिलाय हात," बन्सी म्हणला. "पोरीनं तिथं चाक नाय नेलं. मग मी हितं हात काढून घेऊ का?"

योगिनी उठून आंघोळीला गेली. कोपराला पाणी लागलं तेव्हा तिनं पयल्यांदा इस्स केलं, एवढं मायला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आली. चिखलामुळं आत येईना, सडकेवरच उभी राहिली. मागचं फळकं उघडून त्याला पाटी लावली, मेंढरांनी चढावं म्हणून. मेंढरं वाडग्यातून सडकेपर्यंत आली आन् तिथं गोळा झाली, एकमेकांत डोकी घालून. पाटीवर एक बी पाय टाकीना. व्यापारी माणूस भला होता, घाई करत नव्हता. त्याच्या गड्यानं एकीला मागच्या पायाला धरून उचललं, तर सगळी ओरडायला लागली. बन्सी म्हणला, तसं नको. मग त्यानं वळून हाक मारली, "योगे."

ती सायकलीजवळ बसली होती. उठली. अनवाणीच आली. पाटीवरून वर चढली, पार पुढं जाऊन केबिनीला पाठ लावून उभी राहिली. कळपाकडं बघितलं. इतक्या दिवसांनी पयल्यांदा तिनं नाव घेतलं.

"चांदी," ती म्हणाली. "ये."

चांदीनं मान वर केली. पाटीवर पाय ठेवला, दुसरा ठेवला, आन् सरळ तिच्यापाशी गेली. तिच्यामागं बाकीची चढली, एकामागं एक, कुणाला हात लावायची गरज पडली नाय. पिकअप भरत गेली तशी योगिनी केबिनीला दाबत गेली, कमरेपर्यंत नुसती लोकर. गड्यानं मागून फळकं लावलं. मग ती कडेच्या दांडीवर चढली, टायरावर पाय देऊन सडकेवर उतरली. चांदी दांडीच्या फटीतून तोंड काढून तिच्याकडं बघत होती. गाडी सुरू झाली, गंगापूरच्या अंगाला गेली. बन्सी ती वळणाआड जाईस्तोवर उभा राहिला, मग लंगडत घरात गेला.

भिकनची दुपारची पाळी होती, त्याला निघायचं होतं. जाता जाता तो तिला सांगत होता, की पुढच्या साली मोठ्या बायांच्या गटात उतरता येतं, मी सरांशी बोलतो, त्या सायलीला बी मग तिथंच गाठू. योगिनीनं वाडग्याच्या तोंडाशी टेकवलेली काठी उचलली, रोजच्यासारखी, आन् दोन पावलं सडकेकडं टाकली. मग थांबली. काठी जिथली तिथं ठेवली. खुरं साफ करायची पट्टी घेतली आन् सायकलीपाशी बसून वाळलेला चिखल खरवडायला लागली. वर तांबडा होता, खाली काळा.

मायनं आतून विचारलं, चहा ठेवू का.

"ठेव," ती म्हणाली. "एवढं मागचं चाक होऊ दे."